कुंदाताईंची साठ हजार माणसं

"यात नावं किती हायत?"

कुंदाताईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ऑफिसात येऊन त्यांना जेमतेम अर्धा तास झाला होता. लेले सरांनी ओळख करून दिली होती, "या कुंदाताई भोईर. अकरा वर्षं हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसल्यात. आपण जे करू ते आधी या वापरून बघणार." मी हसून नमस्कार केला होता आणि मनात म्हटलं होतं, आता या मला शिकवणार.

"वीस," मी म्हटलं. रुग्णांच्या नोंदीचं मी लिहिलेलं पान चालतं का बघायला तेवढीच खोटी नावं घातली होती.

"आपल्या दोन तालुक्यांत मिळून वीसच माणसं आजारी पडतात होय गं?"

आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

आमचं ऑफिस म्हणजे कर्जतला दहिवलीत, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन नुकतीच घरी परतले होते. खालापूरकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं काम सरांना मिळालं होतं. रुग्णांची नोंद, जुने कागद, रक्तदात्यांची यादी, असं सगळं एका ठिकाणी हवं होतं. कुंदाताई त्याच हॉस्पिटलात होत्या. तिथलं खिडकीचं काम ठेकेदाराकडे गेलं तेव्हा त्यांची नोकरी सुटली. वय पंचेचाळिशीच्या पुढे, शिक्षण दहावी. नवरा भिवपुरीच्या वीजघरात, राहणं तिथल्याच क्वार्टरमध्ये. रोज सकाळी एक स्टेशन गाडीनं यायच्या, पुढे पूल ओलांडून चालत. खांद्याला कापडी पिशवी, त्यात डबा, चष्मा आणि एक जुना, जड लॅपटॉप. त्याच्या झाकणाचा एक कोपरा तुटलेला होता. तो त्यांच्या मुलानं टाकून दिलेला.

"हॉस्पिटलातलं मशीन असंच हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या चकचकीत मशीनवर चाललं त्याचं काय करू?"

पुढचे चार दिवस त्यांनी नुसती नावं टाइप केली. दोन बोटांनी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आपल्याकडची नावं, आडनावं, गावं अशा तीन याद्या. मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्यांची सरमिसळ केली आणि साठ हजार खोटे रुग्ण तयार झाले. कुंदाताईंना मात्र ते खोटे वाटत नसत. यादी वर-खाली करताना मधेच थांबून म्हणत, "हिला नव्वदावं लावलंस, आणि हिच्या मुलाला चौऱ्याऐंशी. असं कसं चालंल? ती सहा वर्षांची असताना झाला का तो?" आणि बसून दुरुस्त करत. मी सांगून पाहिलं की ही माणसं नाहीतच, वय काहीही चालेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुरुस्ती चालू ठेवली.

पाचव्या दिवशी ती साठ हजार माणसं त्यांच्या लॅपटॉपवर, माझ्या पानात भरली. मी शोधाच्या चौकटीत एक आडनाव लिहिलं आणि बटण दाबलं. पान पांढरं झालं. बाण गोल फिरायला लागला. बऱ्याच वेळानं पाटी आली. हे पान प्रतिसाद देत नाही, थांबायचं की बंद करायचं?

मी "थांबा" दाबलं. पुन्हा पांढरं. पुन्हा पाटी.

मला कानापर्यंत गरम झाल्यासारखं वाटलं.  कुंदाताई एकदा पाटीकडे आणि एकदा माझ्याकडे, जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग पिशवीतून मोड आलेल्या वालांचा डबा काढला आणि संध्याकाळच्या बिरड्यासाठी वाल सोलायला लागल्या.

पुढे हे त्यांचं मापच झालं. चुका लिहून ठेवायची आमची एक वही होती. मी त्यात "शोध फार वेळ घेतो" असं लिहायची. कुंदाताई लिहायच्या, "आडनावाने शोध: बत्तीस वाल. गावाने शोध: एकोणीस." सर आधी हसले. मग कधीतरी तेही विचारायला लागले, "आज किती वाल?"

माझा पहिला इलाज अगदी सोपा होता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी पानाला प्रतिसाद द्यायला मिळणारी मुदतच वाढवून टाकली. आता पाटी येईना. मी विजयानं त्यांना बोलावलं. त्यांनी बटण दाबलं, पान पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं.

"खड्ड्यापुढची पाटी तेवढी काढलीस," त्या म्हणाल्या. "खड्डा हाय तिथंच हाय."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. खरं तर स्वतःलाच सांगत होते. ब्राउझरमध्ये मोजणारा, चित्र काढणारा आणि तुमचं बटण ऐकणारा हा एकच गडी असतो. त्याला साठ हजार नावं तपासायला बसवलं की तो ती संपेपर्यंत दुसरं काही बघत नाही. म्हणून पान गोठतं. तो मेलेला नसतो, कामात असतो.

कुंदाताईंनी हातातला वाल खाली ठेवला.

"म्हणजे खिडकीवर नवीन पोरगी बसवल्यासारखं. शिबिराच्या दिवशी एस.टी. भरून माणसं येतात. नवीन पोरगी काय करते, मान खाली घालून लिहीत सुटते. समोर कोण कळवळतंय, कोण पडलंय, तिला पत्ता नाय. मी दहा केसपेपर करायची की मान वर करायची. काय हाय का कुणाला विचारायची. मग पुढचे दहा. त्याला सांग की असं. मधे मधे मान वर कर म्हणावं."

मी त्या दुपारी तसंच लिहिलं. दोनशे नावं तपासायची, सोडून द्यायचं, पानाला श्वास घेऊ द्यायचा, कुणी बटण दाबलंय का बघू द्यायचं, मग पुढची दोनशे. माझ्या मशीनवर लोण्यासारखं चाललं. त्यांच्या लॅपटॉपवर अडखळायला लागलं. मी चिडून दोनशेचं एक केलं. एक नाव, मान वर. एक नाव, मान वर.

कुंदाताईंचे अर्धे वाल सोलून झाले. "आता हा नुसता मानच वर करतोय," त्या म्हणाल्या. "काम कधी करायचा?"

शेवटी उलगडलं ते असं, की नावं मोजायचीच नाहीत, घड्याळ बघायचं. डोळ्याला कळणार नाही एवढ्या वेळापुरतं काम करायचं आणि थांबायचं. वेगवान मशीन तेवढ्यात हजार नावं उरकेल, जुनं मशीन पन्नास. दोन्हीकडे पान जिवंत राहील. खाली एक पट्टी ठेवली, साठ हजारांपैकी किती झाली ते सांगणारी. शेजारी "थांबवा" असं बटण. थांबवलं तर केलेलं वाया जाऊ नये, पुन्हा सुरू केलं की तिथूनच पुढे जावं, हा हट्ट कुंदाताईंचा. त्या एका गोष्टीनं माझे आठ दिवस खाल्ले. मी कुरकुरले तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरू झालं की काय वाटतं ते तुला ठाऊक नाय, अनू." एवढंच. मी विचारलं नाही.

त्यांचा असाच हट्ट पाट्यांवरच्या मजकुराबद्दल होता. मी कुठेतरी "अवैध माहिती" असं लिहिलं होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे कुणाला म्हणतोय?" मी म्हटलं, फॉर्म भरणाऱ्याला. "काय चुकलं तिचं?" जन्मतारीख भरायची राहिली. "मग तसं लिही ना. जन्मतारीख राहिली. तिला घाबरवतेस कशाला?" आमच्या सगळ्या सॉफ्टवेअरमधून "चूक" हा शब्द त्यांनी काढून टाकला. वैध, अवैध, निषिद्ध, सगळे गेले.

सरांशी त्यांचा एकदाच खटका उडाला. सर भले माणूस. त्यांचे आजोबा कर्जतला वकिली करायचे, घरातच सभ्यपणा मुरलेला. पण धंदा त्यांनाही सांभाळायचा होता. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं तर मधे मधे थांबण्यामुळे पूर्ण यादीचं काम आधीपेक्षा पाच-सहा सेकंद उशिरा संपत होतं.

"ताई, आपण ते हळू केलंय," सर म्हणाले. "ट्रस्टी लोक स्टॉपवॉच धरतील."

"धरू दे. ट्रस्टी कुठं खिडकीवर बसतात?"

"पण ताई, आकडा आकडा असतो."

"सर, तुमी एकदा माझ्या जागेवर बसा. समोर माणसं हायत, आणि हे पांढरं झालंय. तुमाला माहीत नाय ते चालू हाय का मेलंय. चाळीस सेकंद बसा असं. मग मला सांगा, पाच सेकंद मोठे का ते चाळीस मोठे."

सर खरंच बसले. जुनं पान लावलं, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून त्या पांढऱ्या पानाकडे बघत राहिले. उठले तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. हळूच राहू दे."

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आम्ही चाचणीसाठी हॉस्पिटलात गेलो. कुंदाताई आत शिरल्या तशा आया, वॉर्डबॉय, कँटीनवाला, एकेक जण थांबायला लागला. त्या प्रत्येकाला नावानं विचारत होत्या. पोरीचं जमलं का, गुडघा कसा हाय. खिडकीवर आता सुरेखा नावाची मुलगी होती, विशीतली, वेणी घट्ट घातलेली. गावोगावच्या शिबिरांच्या याद्या त्या दिवशी मुख्य यादीत मिळवायच्या होत्या. सुरेखानं बटण दाबलं, पट्टी सरकायला लागली आणि सवयीनं तिनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

पट्टी निम्म्यावर असताना दोघे जण एका माणसाला मोटरसायकलवर मधे बसवून घेऊन आले. रोपं उपटताना हाताला साप चावला होता. पाय चिखलानं माखलेले, दंडाला टॉवेल बांधलेला. त्याला सरळ आत नेलं, पण औषधं काढायला, भरती करायला कागद लागणारच होता. त्याचा भाऊ खिडकीशी येऊन उभा राहिला.

सुरेखा त्याच्याकडे बघत होती आणि पडद्याकडे बघत होती. हात टेबलाखालीच.

"ताई, हे चालू हाय," ती हळूच म्हणाली. "आता हात लावला तर बिघडंल."

"नाय बिघडत," कुंदाताई म्हणाल्या. "लाव हात."

"सगळं पहिल्यापासून झालं तर?"

"नाय होत. लाव हात, सुरेखा."

तिनं बोट पुढे केलं. "नवीन केसपेपर" दाबलं आणि चौकट लगेच उघडली. मागे पट्टी आपली सरकत होती. नाव, गाव, वय. कागद छापून बाहेर आला, भाऊ तो घेऊन आत पळाला. सगळं मिळून मिनिटही लागलं नसेल. सुरेखानं हात ओढणीला पुसले. तो माणूस तिसऱ्या दिवशी घरी गेला, असं आम्हाला नंतर कळलं.

परत येताना सहा आसनी विक्रम रिक्षात आम्ही दोघीच मागे बसलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आवणी चालली होती.  कुंदाताईंनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोपर्यंत नवऱ्यालाही पुरी सांगितली नव्हती.

सहा वर्षांपूर्वीची दुपार. बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं. तिचा गट दुर्मिळ, हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तो नव्हता. डॉक्टरांनी खिडकीवर निरोप पाठवला, रक्तदात्यांच्या यादीतून त्या गटाची जवळची माणसं काढा, फोन करून बोलवा. तेव्हा दुसरंच सॉफ्टवेअर होतं. कुंदाताईंनी गट निवडून बटण दाबलं आणि पान पांढरं झालं.

"पाटी आली. थांबायचं का बंद करायचं. इंग्रजीत होती, पण मला कळली. मी थांबले. परत तीच पाटी. मग बंद केलं, परत उघडलं, पहिल्यापासून. असं तीनदा. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी भलतंच दाबलं गेलं. मशीन बिघडवलं मी. आधीच आमाला सारखं बोलायचे, तुमाला कंप्युटर जमत नाय म्हणून. मी कुणाला सांगितलंच नाय गं. पंधरा-वीस मिनिटं. तिथं आत बाई, आणि मी इथं नुसती बसलेली. घाम पुसत. शेवटी डॉक्टरच बाहेर आले. यादी कुठंय? तेव्हा बोलले."

"मग?"

"मग काय. कपाटात कागदाची जुनी यादी होती. दोन मिनिटांत दोन नावं सापडली. पण तोवर डॉक्टर थांबायला तयार नव्हते. ॲम्ब्युलन्सनं पनवेलला पाठवली तिला. वाचली. पण महिनाभर तिकडंच होती. पोरगं इकडं, आजीच्या हातावर, वरच्या दुधावर. मी रोज सुटल्यावर जायची त्याला बघायला. आजीला वाटायचं, किती मायेची बाई हाय."

विक्रम थांबली, एक म्हातारे गृहस्थ पुढे चढले, ती पुन्हा निघाली.

"ती कागदाची यादी तिथंच होती, अनू. मी लगेच हाक मारली असती तर कुणीतरी म्हणालं असतं, अगं कपाटात बघ. मशीन अडलं ते अडलं. पण मी गप्प का बसले, याचंच मला वाईट वाटायचं. सहा वर्षं मी म्हणत होते, माझ्यामुळं झालं. मग तुमच्याकडं आले. पाचव्या दिवशी तू बटण दाबलंस आणि तेच पान, तीच पाटी. तू तर इंजिनिअर. तुझं तोंड बघितलं मी. अगदी माझ्यासारखं झालं होतं."

मला त्या दिवशीचं त्यांचं बघणं आठवलं. मी तेव्हा समजले होते की त्या मला जोखताहेत.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो दहिवली येईपर्यंत धरू दिला.

कुंदाताई आमच्याकडे साडेचार वर्षं होत्या. त्या काळात आम्ही शाळांची, पतपेढ्यांची, माथेरानच्या दोन हॉटेलांचीही कामं केली, आणि प्रत्येक कामासाठी त्यांनी नवीन माणसं टाइप केली. शाळेसाठी मुलं, हॉटेलसाठी पाहुणे. पाहुण्यांमध्ये नवीन लग्न झालेली जोडपी जास्त घाला, असं त्यांनीच सुचवलं. सुट्टीच्या दिवशी त्या कधी कधी हॉस्पिटलात जाऊन सुरेखाशेजारी बसायच्या. काही करायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. नेरळहून एक नवा मुलगा आमच्याकडे कामाला लागला, त्याच्या पहिल्याच आठवड्यात पान गोठलं तेव्हा मी पाहिलं, त्या उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या हातून काय नाय झालं हां. मशीन कामात हाय." तो मुलगा गोंधळून हसला. हे आपल्याला कशाला सांगतायत, ते त्याला कळलं नसावं.

मग कुंदाताईंचे यजमान भोईरभाऊ निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची वेळ आली. त्यांचं मूळ गाव तिकडे रोह्याकडे, भावांबरोबर थोडी शेती होती, तिथेच जायचं ठरलं. कुंदाताईंनी सरांना पेढे दिले, चुकांची वही माझ्या हवाली केली आणि रविवारी सामान भरायला ये म्हणाल्या.

मी गेले तेव्हा टेंपो दारात उभा होता. घर जवळजवळ रिकामं. वर डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे पाण्याचे जाडजूड पाइप उघड्या खिडकीतून दिसत होते. भोईरभाऊ आणि ड्रायव्हर कपाट दोरीनं बांधत होते. कुंदाताई आतल्या खोलीत गुंडाळलेल्या गादीवर बसल्या होत्या.

"लॅपटॉप आणलायस?"

मी आणला होता. माझ्या पिशवीत तो नेहमीच असतो.

"ते दाखव मला एकदा. तू लिहिलेलं. मान वर करायचं."

मला जरा लाजच वाटली. साडेचार वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं आणि मीही कधी दाखवलं नव्हतं. मी त्यांच्याशेजारी गादीवर बसले आणि प्रोग्रॅममधली ती जागा उघडली. त्यांनी चष्मा लावला. मी बोट ठेवून सांगत गेले. इथे घड्याळ बघतो. इथे वेळ संपला का विचारतो. संपला असेल तर इथे सोडून देतो. कुठपर्यंत आलो ते इथे लक्षात ठेवतो.

त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर जुळवत सगळं वाचलं. ओठ हलत होते. शेवटच्या कंसापर्यंत आल्या आणि बोटानं ओळी मोजल्या.

"चौदा," त्या म्हणाल्या. "एवढंच?"

"एवढंच."

"हे तेव्हा पण लिहिता आलं असतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून मिटला.

"मग का नाय लिहिलं गं कुणी?"

 कुणी साठ हजार नावं घालून बघितली नसतील. कुणी जुन्या मशीनवर बघितलं नसेल. कुणी खिडकीवर बसलं नसेल. सगळी खरी कारणं होती, आणि त्यातलं एकही त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. कुंदाताईंनी माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, "चल, ही गादी धर दुसरीकडून," आणि आम्ही दोघींनी ती गादी बाहेर नेली.

किल्ली वॉचमनकडे देऊन त्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. भोईरभाऊ मागे सामानाबरोबर. टेंपो उतारावरून हळूहळू खाली गेला. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. हमरस्त्याशी तो थांबला, त्याला डावीकडे वळायचं होतं. वळण्याचा मागचा दिवा बंद असावा, कारण खिडकीतून कुंदाताईंचा हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, कोपरापर्यंत सरळ, आणि टेंपो पूर्ण वळेपर्यंत मागून येणाऱ्यांना दिसेल असा तसाच धरलेला राहिला.